आपली जीप कशी चालते आणि कुठे थांबते



मंडळीतल्या दोघा-तिघांनी विचारले, "मिशनसाठी एखादी एसीची, आरामशीर गाडी का घेत नाही? ती जीप किती खडखडते!" प्रश्न प्रेमापोटीच आहे. म्हणून ही गाडी कशी चालवावी लागते, तेच या वेळी सांगतो.

जीप मुंबईला नवी नाही. १९४५ साली सुरू झालेल्या आणि १९४८ मध्ये महिंद्रा अँड महिंद्रा हे नाव घेतलेल्या कंपनीने अमेरिकन विलीज जीपची जुळणी मुंबईतच केली. तिचा कांदिवलीचा कारखाना आपल्यापैकी अनेकांच्या रोजच्या वाटेवर आहे. आपली गाडी त्याच घराण्यातली आहे. जाड पत्रा, मागे समोरासमोर दोन बाके आणि पोटाखाली भरपूर उंची. बिघडली तर तालुक्याचा मिस्त्रीही दुरुस्त करतो.

बोरिवलीहून हायवेने मनोर आणि तिथून विक्रमगडमार्गे जव्हार असा आमचा रस्ता. डांबरावर फक्त मागच्या दोन चाकांना जोर द्यायचा. फोर बाय फोर टाकले की पुढची आणि मागची चाके एकमेकांना जखडली जातात. पण वळताना पुढची चाके जास्त अंतर कापतात. चिखलात चाके थोडी घसरून हा फरक जिरवतात. कोरड्या डांबरावर ती घसरत नाहीत, म्हणून सगळा ताण गिअरवर येतो आणि स्टिअरिंग जड होते. शिवाय गाडी उंच आणि मागचे पाटे कडक. त्यामुळे वेग बेताचा ठेवायचा आणि वळणाआधीच कमी करायचा.

पाड्याच्या वाटेवर रीत बदलते. फोर बाय फोर चिखलात शिरण्याआधी टाकायचे, रुतल्यावर नाही. तीव्र चढ-उताराला लो गिअर घ्यायचा. त्यात वेग सुमारे अडीच पट कमी होतो आणि चाकांची ताकद त्याच प्रमाणात वाढते. उतारावर पहिला गिअर ठेवून क्लचवरचा पाय काढायचा, म्हणजे इंजिनच गाडी धरून ठेवते. ब्रेक करकचून दाबला तर चाके अडकतात आणि गाडी घसरत जाते. अंगठे स्टिअरिंगच्या आत अडकवायचे नाहीत, कारण चाक दगडावर आपटले तर स्टिअरिंग झटक्यात फिरते. गाडी रुतली तर अ‍ॅक्सिलरेटर दाबत बसू नये, चाक आणखी खोल जाते. चाकाखाली दगड आणि फांद्या घालाव्यात.

हे सगळे येत असूनही दोन वर्षांपूर्वी जुलैत मी चुकणार होतो. ओढ्यापलीकडच्या पाड्यात एक बाई अडली असल्याचा निरोप आला. पाणी फार वाटत नव्हते. मी लो गिअर टाकला, तेवढ्यात एका वारली आजोबांनी हात आडवा केला. त्यांनी काठावरूनच काठी बुडवून दाखवली, ती मांडीएवढी ओली झाली. दोन फूट वाहते पाणी जीपसारखी गाडीही वाहून नेऊ शकते. चारही चाके फिरत असली, तरी तळाला टेकली नाहीत तर काय उपयोग?

आम्ही अलीकडेच थांबलो. पोरांनी तिला झोळीत घालून वरच्या अंगाच्या साकवावरून आणले. तो पाऊण तास मला फार लांब वाटला. मग चिखलाचा चढ लो गिअरमध्ये चढलो, डांबर लागताच फोर बाय फोर काढले आणि रुग्णालय गाठले. रात्री तिला मुलगी झाली.

तेव्हापासून आमचा नियम आहे. पाणी दिसले की चालकाने उतरायचे आणि गावच्या माणसाला विचारायचे. तो नाही म्हणाला तर गाडी पुढे जाणार नाही, मग आत कोणीही बसलेले असो.

म्हणून जीपच बरी. आपल्यापैकी कोणाला शनिवारी ती चालवायला यायचे असेल, तर पावसाळ्याआधी एक पूर्ण दिवस आमच्याबरोबर सराव करावा. आणि या वाटेवरच्या सर्वांना प्रार्थनेत आठवावे.