आजारी प्रवाळ, खारावलेले पाणी : निदानाचा एक धडा

कीटकशास्त्राच्या अभ्यासकाच्या घरी समुद्री मत्स्यालय असावे, याचे अनेकांना नवल वाटते. हैदराबाद येथील माझ्या घरी २०० लिटर खाऱ्या पाण्याची काचेची टाकी आहे. तीत क्लाउनफिशची एक जोडी आणि सार्कोफायटन प्रजातीचे एक मऊ प्रवाळ आहे. (दगडी प्रवाळांना भारतात २००१ पासून वन्यजीव संरक्षण कायद्याच्या अनुसूची १ चे संरक्षण आहे, हौसेखातर ते समुद्रातून काढता येत नाहीत.) गेल्या एप्रिलमध्ये हे प्रवाळ आजारी पडले. त्याचे निदान करताना माझ्या हातून ज्या चुका झाल्या, त्या पिकांच्या बाबतीतही वारंवार होतात. म्हणून त्या येथे नोंदवीत आहे.

लक्षणे

पंधरा दिवसांच्या दौऱ्यावरून परतलो, तेव्हा प्रवाळाची छत्री आकसलेली होती, स्पर्शके आत ओढलेली होती आणि पृष्ठभागावर मेणासारखा पातळ थर आला होता. हे प्रवाळ अधूनमधून असे मिटते, थर टाकते आणि काही दिवसांत पुन्हा उमलते. म्हणून आठवडाभर वाट पाहिली. ते उमलले नाहीच, उलट कडा फिकट होऊ लागल्या. प्रवाळाच्या ऊतींमध्ये राहणारी सूक्ष्म शैवाले प्रकाशसंश्लेषण करून त्याला अन्न पुरवतात. रंग उडणे म्हणजे ही शैवाले घटणे, अर्थात उपासमारीची सुरुवात.

पहिली चूक : कीड दिसली, म्हणून उपचार

भिंगातून पाहताच प्रवाळावर पांढरे ठिपके हलताना दिसले. आयुष्य किडी पाहण्यात गेलेल्या माणसाला आणखी पुरावा लागत नाही. मी प्रवाळ आयोडीनच्या द्रावणात बुडवून काढले. दुसऱ्या दिवशी ते अधिकच आकसले. नंतर सूक्ष्मदर्शकाखाली पाहिले, तेव्हा ते जीव शेवाळ व कुजका गाळ खाणारे निरुपद्रवी कोपेपॉड निघाले. जीव तेथे होता हे खरे. पण आजाराचे कारण तो नव्हता.

दुसरी चूक : उपकरणावर विश्वास

मग पाणी तपासले. तापमान २६ अंश सेल्सियस, अमोनिया व नायट्राइट शून्य, नायट्रेट अल्प, अल्कता नेहमीसारखी. हायड्रोमीटरवर विशिष्ट गुरुत्व १.०२५, म्हणजे तेही योग्य. मात्र हायड्रोमीटरच्या काट्यावर क्षारांचे पुट चढलेले होते. पुटामुळे काटा जड होतो आणि क्षारता प्रत्यक्षापेक्षा कमी दाखवतो. प्रमाणित द्रावणाने जुळवून घेतलेल्या रिफ्रॅक्टोमीटरने मोजले, तेव्हा आकडा १.०३० निघाला. म्हणजे दर हजार भागांत क्षार ३५ ऐवजी सुमारे ४० भाग झाले होते.

मूळ कारण

टाकीजवळ दोन पिंपे असतात : एकात गोडे आरओ पाणी, दुसऱ्यात पाणी बदलण्यासाठी तयार केलेले खारे पाणी. जाताना मी घरी सांगितले होते, “पातळी उतरली की पिंपातले पाणी घाला.” कोणते पिंप, हे सांगितले नव्हते. एप्रिलच्या उन्हाळ्यात, पंख्याखाली, टाकीतून रोज सुमारे २ लिटर पाणी उडते. उडते ते निव्वळ पाणी. क्षार मागेच राहतात. त्या जागी खारे पाणी घातले की रोज ७० ग्रॅम क्षारांची भर पडते. १५ दिवसांत ही भर एक किलोहून अधिक होते; टाकीत मुळात क्षार होते सात किलो.

उपाय साधा होता, पण घाईचा नव्हता. रोज ५ लिटर पाणी काढून तेवढेच गोडे पाणी घातले. एकाच दिवशी क्षारता पूर्ववत केली असती, तर आधीच ताणाखाली असलेल्या जिवाला दुसरा धक्का बसला असता. पाच दिवसांत क्षारता जागेवर आली आणि तिसऱ्या आठवड्यात प्रवाळ उमलले. एका बाजूची कडा मात्र गळून गेली.

शेतासाठी बोध

कृष्णाकाठच्या उसापासून हरियाणातील गव्हापर्यंत जमिनी क्षारपड होतात, त्यामागेही हेच गणित आहे. पाणी उडते, क्षार उरतात. उन्हाळ्यात मचूळ विंधन विहिरीच्या पाण्याने वारंवार भरल्या जाणाऱ्या शेततळ्यातही हेच घडते. तेव्हा,

- पीक वा मासे मलूल दिसले की औषधाआधी पाण्याचा सामू व विद्युत वाहकता तपासावी.
- मोजण्यापूर्वी उपकरण स्वच्छ करून प्रमाणित द्रावणाने जुळवून घ्यावे.
- कीड आढळली तरी तिची ओळख पटवावी आणि दिसणारे नुकसान तिच्यामुळेच आहे का, हे पाहावे.
- एका वेळी एकच बदल करावा व त्याची तारखेनिशी नोंद ठेवावी.

विस्तार कार्यकर्त्यांनी आणखी एक गोष्ट ध्यानी ठेवावी. माझ्या घरच्यांनी सल्ला तंतोतंत पाळला होता. अपुरा होता तो सल्लाच. आता दोन्ही पिंपांवर ठळक अक्षरांत नावे लिहिली आहेत.