पद्मिनीतला एसी आणि चिंचोळीचं ऊन

सोलापूर-पुणे महामार्गावरची चिंचोळी एमआयडीसी मोठ्या कारखान्यांमुळे ओळखली जाते. मोटारींच्या इंजिनात व्हॉल्व्हची उघडझाप करणारे कॅमशाफ्ट प्रिसिजन कॅमशाफ्ट्समध्ये घडतात. बालाजी अमाइन्समध्ये रसायनं तयार होतात. संपादकांनी मला पाठवलं ते मात्र वसाहतीच्या कडेच्या एका पत्र्याच्या शेडमध्ये. जुन्या गाड्यांचे एसी नव्याने उभे करणारे एक मेकॅनिक तिथे भेटतात.

शेडमध्ये प्रीमियर पद्मिनी उभी होती. 1089 सीसीचं इंजिन, ताकद सुमारे 40 अश्वशक्ती. डॅशबोर्डखालच्या जुन्या कूलिंग युनिटमध्ये पूर्वी आर-12 गॅस चालायचा. हा गॅस ओझोनच्या थराला खातो हे कळल्यावर 1987 मध्ये मॉन्ट्रियल करार झाला, 1992 मध्ये भारत त्यात आला आणि 2010 पासून आपल्याकडे या वर्गातले गॅस जवळजवळ हद्दपार झाले. मोटारींमध्ये आर-134ए आला.

“मालक, नुसता गॅस बदलून भागत नाही,” मेकॅनिक म्हणाले आणि एकेक भाग बाकड्यावर मांडू लागले. जुन्या कॉम्प्रेसरमधलं खनिज तेल नव्या गॅसमध्ये मिसळत नाही. ते कॉम्प्रेसरकडे परतलं नाही की पिस्टन कोरडे पडतात. म्हणून पाइप आणि कॉइल धुऊन काढायचे आणि पीएजी किंवा एस्टर तेल घालायचं. नव्या गॅसचे रेणू लहान, त्यामुळे ते जुन्या रबरी होजमधून झिरपतात. होज आतून अस्तर असलेले लागतात. ओ-रिंग बदलायच्या, ओलावा शोषणारा ड्रायरही नवा घ्यायचा.

पण त्यांचा सगळा जीव कंडेन्सरवर. गाडीतली उष्णता बाहेर फेकली जाते ती इथूनच. आर-134ए द्रवरूप व्हायला आर-12पेक्षा जास्त दाब मागतो, म्हणून जुना कंडेन्सर अपुरा पडतो. जुन्यात एकच लांब नळी वळणं घेत जाते; नव्यात दोन उभ्या नळ्यांमध्ये चपट्या नळ्यांची रांग असते. त्यांनी कापलेला एक तुकडा माझ्या हातावर ठेवला. जेमतेम दोन मिलिमीटर जाडीची ती पट्टी, आणि तिच्या तोंडाशी ओळीने बारीक भोकं. त्या प्रत्येक भोकातून गॅस जातो, म्हणून तेवढ्याच जागेत धातूशी त्याचा संबंध कितीतरी जास्त येतो.

सगळं जोडून झाल्यावर व्हॅक्यूम पंप लागला. चाळीस अंशांच्या उन्हात आत शिरलेलं पाणी उकळून निघून जायचं असेल, तर आतला दाब हवेच्या दाबाच्या तेराव्या हिश्श्याहून कमी व्हावा लागतो. पाणी मागे राहिलं तर ते एक्स्पान्शन व्हॉल्व्हमध्ये गोठतं, तेलात मिसळून आम्ल करतं. पंप थांबवल्यावर दाबाचा काटा हलतो का, हे ते बराच वेळ न बोलता पाहत राहिले. मग गॅस वजनकाट्यावर तोलून भरला, जुन्या मापाच्या 80 ते 90 टक्केच. कंडेन्सरमध्ये गॅस 60 अंशांना द्रव होत असेल, तर हाय साइडचा, म्हणजे जास्त दाबाच्या बाजूचा, काटा सुमारे 230 पीएसआय दाखवतो. त्याहून बराच वर चढला तर हवा पुरत नाही, असं समजायचं.

अडचणींची रांग इथूनच सुरू होते. पद्मिनीचा पंखा इंजिनच्या पट्ट्यावर फिरतो. सिग्नलला गाडी थांबली की तो मंदावतो आणि नेमका तेव्हाच दाब चढतो. विजेचा पंखा लावावा, तर डायनॅमो किंवा जुना आल्टरनेटर तो भार पेलत नाही, वायरिंगही बदलावं लागतं. कंडेन्सरची गरम हवा मागच्या रेडिएटरवर जाते, म्हणून रेडिएटर सुधारावा लागतो. कॉम्प्रेसरचा ब्रॅकेट तयार मिळत नाही. तो घडवताना पट्ट्याची रेषा किंचित चुकली तरी बेअरिंग ओरडतं. चाळीस अश्वशक्तीतली थोडी एसीने घेतली की चढावर इंजिन धापा टाकतं.

याहून मोठी चिंता गिऱ्हाइकाच्या घाईची आहे. “नुसता गॅस मारून द्या” असं सांगणारे पुष्कळ. लिकेज न शोधता भरलेला गॅस पुन्हा हवेत जातो, आणि शंभर वर्षांच्या हिशेबाने आर-134ए कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे 1430 पट तापवणारा आहे. स्वस्तात स्वयंपाकाच्या गॅससारखा ज्वालाग्राही वायू भरून देणारेही असतात. डॅशबोर्डखाली कॉइल फुटली तर तो माणसांच्या मांडीवर येतो. हे काम करायला या मेकॅनिकांनी साफ नकार दिला आहे, आणि तो योग्यच आहे.

आर-134एचेही दिवस आता मोजलेले आहेत. भारताने 2021 मध्ये मॉन्ट्रियल कराराच्या किगाली दुरुस्तीला मान्यता दिली. 2028 मध्ये अशा वायूंच्या वापराला मर्यादा लागेल आणि 2032 पासून तो टप्प्याटप्प्याने कमी होईल. आर-1234वायएफ हा वारसदार महाग आहे आणि सौम्य का होईना, पेट घेणारा आहे. जुन्या गाड्या जपणाऱ्यांनी म्हणून एकच करावं: पैसे आधी गळती बुजवण्यावर आणि चांगल्या कंडेन्सरवर घालावेत, आणि जुना गॅस हवेत न सोडता सिलिंडरमध्ये काढून घेणाऱ्या कारागिरालाच गाडी द्यावी. असे कारागीर मजुरी जास्त मागतात. ती त्यांना मिळाली पाहिजे, कारण त्यांच्या कामाचा फायदा गाडीत बसणाऱ्यांपुरता राहत नाही.