मुदतीचा विमा: कधी, किती आणि कुणाच्या नावे

मुदतीचा विमा, म्हणजे सगळ्यांच्या तोंडी असलेला टर्म प्लॅन, हा आयुर्विम्याचा सर्वांत साधा प्रकार. ठरलेल्या मुदतीत विमा उतरवलेल्या माणसाचा मृत्यू झाला, तर ठरलेली रक्कम घरच्यांना मिळते. मुदत सरली आणि माणूस धडधाकट राहिला, तर काहीच परत मिळत नाही. बहुतेक तरुण जोडप्यांचा विचार या दुसऱ्या कलमापाशी अडतो. ‘जगलो तर पैसे बुडाले’ असा हिशेब लगेच मांडला जातो. त्याच घरातल्या मोटरसायकलचा विमा दरवर्षी भरला जातो आणि गाडी धडकली नाही म्हणून कुणी हळहळत नाही, ही गोष्ट मात्र ध्यानात येत नाही.

भिशीत प्रत्येकाचा नंबर कधी ना कधी लागतो. विम्यातही अनेकांचे पैसे एका जागी जमतात, पण इथला नंबर कुणालाच नको असतो. भारतीय विमाधारकांच्या 2012-14 च्या मृत्युसारणीत तिसाव्या वर्षी वर्षभरात मरण पावणाऱ्यांचे प्रमाण हजारी साधारण एक आहे; पन्नाशीत ते हजारी चारच्या पुढे जाते आणि साठीला अकरावर पोचते. म्हणजे तिशीतल्या हजार जणांनी वर्षाला पाच-पाच हजार काढले, तर त्यांच्यातल्या एका घराला पन्नास लाख देता येतात. टर्म प्लॅन स्वस्त का, याचे सगळे उत्तर या गुणाकारात आहे. हप्ता मुदतभर एकसारखा असतो, त्यामुळे तरुणपणी धोक्याच्या मानाने थोडे जास्त भरले जाते आणि उतारवयात कमी. अठ्ठाविसाव्या वर्षी ठरलेला हप्ता साठीपर्यंत तोच राहतो. तोच विमा चाळिशीत घ्यायला गेले तर दर पुष्कळ चढलेला असतो आणि तोवर साखर किंवा रक्तदाब निघालेला असेल तर अर्ज नाकारलाही जाऊ शकतो.

मराठी मुलखाला आयुर्विमा नवा नाही. साताऱ्यात अण्णासाहेब चिरमुले यांनी 1913 मध्ये वेस्टर्न इंडिया ही विमा कंपनी काढली होती. जानेवारी 1956 मध्ये आयुर्विम्याच्या राष्ट्रीयीकरणाचा निर्णय जाहीर झाला तेव्हा अर्थमंत्री होते चिंतामणराव देशमुख. त्या वर्षी 1 सप्टेंबरला आयुर्विमा महामंडळ उभे राहिले. पुढे विमा म्हणजे बचत हे समीकरण घराघरांत रुजले. ओळखीचा एजंट येतो, मुलाच्या शिक्षणाला नाहीतर मुलीच्या लग्नाला कामी येईल असे सांगून पॉलिसी देतो. अशा पारंपरिक पॉलिसीत दहा लाखांच्या वीस वर्षांच्या विम्याला वर्षाला पन्नास हजारांच्या घरात हप्ता बसतो. तिशीच्या आतल्या, तंबाखू न खाणाऱ्या माणसाला पन्नास लाखांचा टर्म प्लॅन साधारण सहा ते दहा हजारांत मिळतो. बचत करू नये असे नाही. पण बचत आणि विमा एकाच पिशवीत घातले की विमा अपुरा पडतो आणि बचतही जेमतेम वाढते. ‘हप्ते परत’ देणारे टर्म प्लॅन हा त्याच पिशवीचा नवा शिवलेला नमुना समजावा.

निर्णयाची पहिली कसोटी सरळ आहे: एकाची कमाई थांबली तर दुसऱ्याचे, मुलांचे किंवा आईवडिलांचे चालेल का? दोघेही नोकरीला, मूल नाही, कर्ज नाही, दोन्हीकडचे आईवडील आपापल्या पेन्शनवर, अशा जोडप्याने वर्षभर थांबले तरी बिघडत नाही. मूल झाले, घराचे कर्ज काढले किंवा म्हातारे आईवडील एकाच पगारावर असले, तर मात्र थांबायला कारण उरत नाही.

किती रकमेचा, हे पगाराच्या दहापट-पंधरापट अशा ठोकताळ्याने ठरवण्यापेक्षा कागदावर मांडलेले बरे. मध्य प्रदेशातल्या सौंसर-पांढुर्ण्याच्या मराठी पट्ट्यात असलेल्या मोहगावातले एक कल्पित घर घेऊ. नवरा अठ्ठावीस वर्षांचा, बोरगावच्या औद्योगिक क्षेत्रात कामाला, पगार महिना वीस हजार. बायको शिलाईकामातून पाच हजार मिळवते. मुलगी दोन वर्षांची. तीन एकरांत संत्री आणि कापूस, पण त्याचा भरवसा पावसावर आणि भावावर, म्हणून तो हिशेबात धरायचा नाही. घरखर्च महिना अठरा हजार. नवरा गेला तर त्याचा स्वतःचा तीन हजारांचा खर्च कमी होईल, बायकोचे पाच हजार येत राहतील. तूट दहा हजारांची, म्हणजे वर्षाला एक लाख वीस हजार. मुलगी चोवीस वर्षांची होईपर्यंत बावीस वर्षे ही तूट भरायची तर 26 लाख 40 हजार लागतात. महागाई वाढत जाईल हे खरे, पण बँकेत ठेवलेल्या रकमेवर व्याजही मिळेल. ढोबळ हिशेबात ही दोन्ही एकमेकांना खाऊन टाकतात असे धरता येते. त्यात घराचे आणि पिकाचे मिळून साडेसात लाखांचे कर्ज, मुलीच्या शिक्षणाचे आठ लाख. बेरीज 42 लाखांच्या आसपास जाते. बायकोच्या उतारवयासाठी थोडे धरले की पन्नास लाखांचा विमा या घराला नेमका बसतो. एक कोटीचा आकडा जाहिरातीत शोभतो. या घराला त्याची गरज नाही, आणि वीस हजारांच्या पगारावर कंपनीही तो सहज देणार नाही.

मुदत साठ-पासष्टपर्यंत पुरते. तोवर मुले मार्गी लागलेली असतात, कर्ज फिटलेले असते. पंच्याऐंशी वर्षांपर्यंतचा विमा घेणारा कमाई थांबल्यानंतरच्या वर्षांसाठीही पैसे मोजत असतो.

बायकोच्या विम्याचा विषय बहुतेक घरांत निघतच नाही. वर मांडलेल्या घरात शिलाईचे पाच हजार हा तिच्या कामाचा लहानसा भाग आहे. स्वयंपाक, मूल, म्हातारी माणसे, वेचणीच्या दिवसांतले शेत, हे सगळे पैसे देऊन करून घ्यायचे म्हटले तर नवऱ्याच्या पगाराला ते झेपणार नाही. कमावत्या स्त्रीला तिच्या उत्पन्नावर विमा मिळतो. गृहिणीसाठीही टर्म प्लॅन निघाले आहेत, मात्र त्यात रक्कम मर्यादित असते आणि बहुधा नवऱ्याचा विमा आधीपासून असावा अशी अट असते.

सरकारी योजना याला पर्याय नव्हेत, पण त्या आधी घ्याव्यात. प्रधानमंत्री जीवन ज्योती विमा योजनेत वर्षाला 436 रुपयांत दोन लाखांचे संरक्षण आहे, बँक खाते असलेल्या 18 ते 50 वर्षांच्या कुणालाही. सुरक्षा विमा योजनेत वीस रुपयांत दोन लाखांचा अपघात विमा मिळतो. साप चावून आलेला मृत्यूही त्यात बसतो, आणि संत्र्याच्या बागेत राबणाऱ्यांना ही गोष्ट माहीत असायला हवी. दोन्हींचे वर्ष 1 जून ते 31 मे. मेअखेरीस खात्यात तेवढे पैसे नसले तर विमा गुपचूप बंद पडतो. भविष्य निर्वाह निधी कापला जाणाऱ्या कामगाराला कामावर असेपर्यंत सात लाखांपर्यंतचे संरक्षण आपोआप असते, पण नोकरी सुटली की तेही सुटते. म्हणून त्याच्या भरवशावर टर्म प्लॅनची रक्कम कमी करू नये.

अर्ज भरताना सगळ्यात मोठी चूक होते ती तंबाखूच्या रकान्यात. नागपूरपासून सौंसर-पांढुर्ण्यापर्यंत खर्रा हा पानटपरीवरचा रोजचा व्यवहार आहे, आणि खर्रा खाणाऱ्या माणसाला तंबाखू खातो का असे विचारले तर तो निरागसपणे नाही म्हणतो, कारण त्याच्या लेखी तंबाखू म्हणजे बिडी-सिगारेट. विमा कंपनीच्या लेखी खर्रा, गुटखा, नस, मिसरी हे सगळे तंबाखूच. रक्त-लघवीच्या तपासणीत निकोटीनचा अंश सापडतो. हो लिहिले तर हप्ता दीडपट किंवा त्याहून जास्त होतो. नाही लिहिले आणि पहिल्या तीन वर्षांत मृत्यू झाला तर क्लेम फेटाळायला कंपनीला आधार मिळतो. विमा कायद्याच्या कलम 45 प्रमाणे तीन वर्षे पूर्ण झाल्यावर कंपनीला पॉलिसीवर कोणत्याही कारणाने आक्षेप घेता येत नाही. पण म्हणून तीन वर्षे खोटे लपवून काढावीत असा त्याचा अर्थ कुणी घेऊ नये. मरण तारीख पाहून येत नाही. अर्ज एजंटने भरला तरी सही अर्जदाराची असते, म्हणून प्रत्येक उत्तर स्वतः वाचावे. पॉलिसी हातात आल्यावर तीस दिवसांत नापसंत म्हणून परत करता येते, तेव्हा वाचायला अवधी भरपूर आहे.

निव्वळ शेतीवर जगणाऱ्यांपुढे वेगळा पेच असतो. शेतीचे उत्पन्न करमुक्त असल्याने अनेक जण विवरणपत्र भरत नाहीत, आणि कंपनी उत्पन्नाचा पुरावा मागते. महाराष्ट्रात सातबारा पुढे केला जातो, तसा इथे, मध्य प्रदेशात, खसरा आणि बी-1 चा उतारा द्यावा लागतो. पण विवरणपत्र आणि बँकेतली उलाढाल यांना जास्त वजन असते. संत्र्याचे पैसे व्यापाऱ्याकडून रोखीने घेऊन खर्चून टाकणाऱ्यापेक्षा ते खात्यात घेणाऱ्याला विमा लवकर मिळतो. करपात्र उत्पन्न नसले तरी दोन-तीन वर्षे शून्य कराचे विवरणपत्र भरून ठेवणे फायद्याचे.

हप्त्याची तारीख पॉलिसी सुरू झालेल्या तारखेवर ठरते, आणि ती निवडणे अर्जदाराच्या हातात आहे. आंबिया बहाराची संत्री आणि कापूस विकून डिसेंबर-जानेवारीत हातात पैसा असतो. जून-जुलैत तो बी-खतात गेलेला असतो. शेतकरी घराने पॉलिसी डिसेंबरात सुरू करावी, म्हणजे पुढची तीस वर्षे हप्ता सुगीतच येईल. वार्षिक हप्त्याला तीस दिवसांची सवलत असते. ती उलटली की विमा बंद, मग आधी कितीही वर्षे भरलेले असोत. 22 सप्टेंबर 2025 पासून वैयक्तिक आयुर्विम्यावरचा 18 टक्के जीएसटी काढून टाकला आहे, त्यामुळे जुन्या पावतीवरच्या आकड्याशी आजचा हप्ता जुळवू नये.

कर्ज असलेल्या घरासाठी 1874 चा विवाहित स्त्रियांच्या मालमत्तेचा कायदा फार कामाचा आहे, आणि एजंट तो क्वचितच सांगतात. विवाहित पुरुषाने त्याच्या कलम 6 खाली पॉलिसी घेतली तर ती रक्कम बायको-मुलांची विश्वस्त मालमत्ता ठरते. सोसायटी, बँक, सावकार किंवा भाऊबंद, कुणालाही तिच्यावर हक्क सांगता येत नाही. मात्र ही निवड पॉलिसी घेतानाच करायची असते, मागाहून होत नाही.

नॉमिनीचा घोळही लग्नानंतरच उघड होतो. लग्नाआधीच्या पॉलिसीत आईचे नाव असते आणि दोन मुले झाली तरी ते बदललेले नसते. लग्नानंतर बायकोचे आडनाव बदलले असेल तर आधार, बँक खाते आणि पॉलिसी या तिन्हींत नाव एकच असायला हवे. क्लेमच्या वेळी एका अक्षराच्या फरकासाठी महिनोन्‌महिने खेटे पडतात. पॉलिसीचा नंबर बायकोला माहीत नसेल तर पन्नास लाख असून नसल्यासारखेच.

पहिल्या वर्षातील आत्महत्या सोडली तर मृत्यू कशाने आला याने टर्म प्लॅनच्या मूळ रकमेत फरक पडत नाही. अपघाताच्या जोड-विम्याचे तसे नाही. दारू पिऊन गाडी चालवणे त्यात बसत नाही, आणि पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी पांढुर्ण्यात जांब नदीच्या पात्रात गोटमारीच्या दगडफेकीला उतरलेल्याच्या बाबतीत वाद घालायला कंपनीला चांगलीच जागा असते. अपघाती मृत्यूत पंचनामा आणि शवविच्छेदनाचा अहवाल लागतोच. घाईत अंत्यसंस्कार उरकले की पुढे तोंडी सांगण्याला किंमत राहत नाही.

क्लेम नाकारला गेला तर आधी कंपनीकडे लेखी तक्रार करावी. तीस दिवसांत उत्तर आले नाही किंवा पटले नाही, तर वर्षाच्या आत विमा लोकपालाकडे जाता येते. मोहगावहून नागपूर जवळ असले तरी मध्य प्रदेशाचे लोकपाल कार्यालय भोपाळला आहे. पन्नास लाखांपर्यंतच्या तक्रारी तिथे चालतात. त्यासाठी फी नाही आणि वकीलही लागत नाही.