‘येतो’ म्हणून गेलेलं माणूस

मराठी घरात बाहेर पडताना कुणी ‘जातो’ म्हणत नाही, ‘येतो’ म्हणतात. चुकून कुणी ‘जातो’ म्हणालंच, तर आतून आजी ओरडते, ‘येतो म्हण रे!’ अपघातात माणूस गमावलेल्या घरात हा शब्द फार दिवस घुमत राहतो. आजारपणात निदान उशाशी बसायला मिळतं, दोन शब्द बोलून होतात. इथे माणूस सकाळी डबा घेऊन निघतो आणि दुपारी फोन येतो तो पोलीस ठाण्यातून.

28 जुलै 2018 रोजी दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाचे कर्मचारी सहलीसाठी महाबळेश्वरला निघाले होते. पोलादपूरजवळ आंबेनळी घाटात त्यांची बस दरीत कोसळली. 30 जण गेले, एकच वाचला. ते दुःख सगळ्या राज्याने पाहिलं. पण 2022 या एका वर्षात देशात रस्ते अपघातांत 1 लाख 68 हजार 491 माणसं मेली, त्यांतली 15 हजारांहून अधिक महाराष्ट्रात. त्यांतल्या बहुतेकांच्या घरी काय झालं, हे शेजारच्या आळीलाही कळलं नसेल.

अशा मृत्यूनंतर माणसाचं होतं काय, याचा पहिला नीट अभ्यास एका दुर्घटनेतूनच सुरू झाला. 28 नोव्हेंबर 1942 च्या रात्री अमेरिकेतल्या बोस्टन शहरात ‘कोकोनट ग्रोव्ह’ या नाइट क्लबला आग लागली आणि 492 माणसं मेली. तिथले मानसोपचारतज्ज्ञ एरिक लिंडेमन या आगीत वाचलेल्यांना आणि मागे राहिलेल्या नातेवाइकांना भेटले, आणखीही शोकग्रस्तांशी बोलले, आणि 1944 मध्ये त्यांनी निष्कर्ष मांडले. दुःख लाटांनी येतं, एकेक लाट वीस मिनिटांपासून तासभर टिकते. घसा आवळतो, सुस्कारे निघतात, पोटात खड्डा पडतो, हातपाय गळतात. आणि जवळपास प्रत्येक जण स्वतःची चूक शोधत बसतो. ‘मीच म्हणाले होते, एसटीची वाट बघू नका, गाडी घेऊन जा.’ बोस्टन काय आणि दापोली काय, हे वाक्य सगळीकडे तेच.

शोकाच्या ‘पाच पायऱ्या’ बऱ्याच जणांनी ऐकलेल्या असतात. एलिझाबेथ क्युब्लर-रॉस यांनी त्या 1969 मध्ये मांडल्या खऱ्या, पण मरणाच्या दारात असलेल्या रुग्णांशी बोलून. मागे राहिलेल्यांशी नव्हे. त्यामुळे ‘अजून राग येत नाही, म्हणजे माझं काही बिघडलंय का?’ असं कुणी स्वतःला विचारू नये. मार्गारेट स्ट्रोब आणि हेंक शुट या संशोधकांनी 1999 मध्ये मांडलेलं चित्र जास्त ओळखीचं वाटतं: मन हेलकावे खातं. सकाळी फोटोपुढे हुंदके, दुपारी गॅसचा नंबर लावणं, संध्याकाळी कुणाच्या तरी विनोदावर हसू, आणि हसल्याबद्दल लगेच अपराधी वाटणं. हे हेलकावेच माणसाला तगवतात.

आपल्या जुन्या रीतींना हे बरंच उमगलेलं दिसतं. घरात चूल पेटत नाही. शेजारून पिठलं-भाकरी येते आणि बळेच दोन घास भरवले जातात. घरातल्यांना कुणी एकटं सोडत नाही. दहाव्याला पिंडाला कावळा शिवत नाही, तेव्हा कुणीतरी पुढे होऊन मोठ्याने म्हणतं, ‘पोरांच्या शिक्षणाची काळजी करू नकोस, आम्ही बघतो.’ विधीवर विश्वास असो-नसो, निरोप न घेताच गेलेल्या माणसाला शेवटचं काही सांगायची ती एक जागा असते. आणि दिलेला शब्द पाच-पन्नास माणसांनी ऐकलेला असतो, हेही काही कमी नाही.

2 ऑगस्ट 2016 च्या रात्री महाडजवळ सावित्री नदीवरचा ब्रिटिशकालीन पूल वाहून गेला, त्याबरोबर दोन एसटी गाड्याही गेल्या. काही प्रवाशांचे मृतदेह सापडलेच नाहीत. अशा घरांना तर दहाव्यापर्यंत पोचणंसुद्धा जड. डोळ्यांनी पाहिल्याशिवाय मन मरण मान्य करत नाही.

खरी पंचाईत चौदाव्या दिवशी सुरू होते. पाहुणे गेलेले असतात आणि कागद आलेले असतात: एफआयआर, पंचनामा, शवविच्छेदन अहवाल, मृत्यूचा दाखला, विमा, बँक. मोटार अपघात न्यायाधिकरणात भरपाईचा दावा लावायला 2019 च्या कायदादुरुस्तीने सहा महिन्यांची मुदत घातली. तिच्यावर कोर्टात वाद झाले असले, तरी उशीर न केलेला बरा. ठोकर मारून वाहन पळून गेलं असेल, तर मृताच्या वारसांना 2 लाख रुपये मिळण्याची सरकारी योजना आहे. एखादा पुतण्या किंवा शेजारी या फायली घेऊन हेलपाटे घालायला तयार झाला, तर शंभर सांत्वनांपेक्षा ते मोलाचं.

मुलांना मात्र ‘बाबा गावाला गेलेत’ असं सांगू नये. ती दाराकडे बघत राहतात, आणि खरं कळलं की आधी सांगणाऱ्यावरचा विश्वास उडतो. अपघात झाला, बाबा वारले, ते आता परत येणार नाहीत, यात तुझी काही चूक नाही, एवढं साध्या शब्दांत सांगितलेलं मुलं पेलतात.

सहा महिने उलटूनही तीव्र ओढ कमी होत नसेल, झोप-जेवण-काम काहीच रुळावर येत नसेल, तर जागतिक आरोग्य संघटनेच्या आजारांच्या यादीत अशा लांबलेल्या शोकाला आता वेगळं स्थान आहे, आणि त्यावर उपचारही आहेत. जीव नकोसा वाटू लागला, तर महिने मोजत थांबू नये. ‘टेलिमानस’च्या 14416 या सरकारी क्रमांकावर मराठीतही बोलता येतं.

तोवर भेटायला येणारी माणसं गेलेल्याचं नाव काढायचं टाळू लागलेली असतात. वहिनींना रडू येईल, म्हणून पावसापाण्याच्या गप्पा होतात. मग एखादा जुना मित्र चहाचा कप खाली ठेवता ठेवता बोलून जातो, ‘तुमच्या हातची वांग्याची भाजी डब्यात असली, की तो आम्हाला हात लावू द्यायचा नाही.’ वहिनी रडतात, पदराने डोळे पुसतात, आणि पुढचा तासभर त्याच्याबद्दल बोलत राहतात.