ध्वनिसमानीकरण, चित्रपटगृहातील व घरगुती

ध्वनीतील निरनिराळ्या कंप्रतांची (दर सेकंदास होणाऱ्या कंपनसंख्यांची) सापेक्ष पातळी कमीअधिक करून श्रोत्यापर्यंत पोहोचणारा ध्वनी इष्ट स्वरूपाचा करण्याच्या प्रक्रियेस ध्वनिसमानीकरण म्हणतात. माणसाला सु. २० ते २०,००० हर्ट्‌झ या मर्यादेतील ध्वनी ऐकू येतो. समानीकारक म्हणजे छानकांचा संच असून त्यातील प्रत्येक छानक कंप्रतांच्या एका ठराविक पट्ट्यावर कार्य करतो. पूर्वी हे छानक विद्युत् मंडलांच्या रूपात असत; आता ते बहुधा अंकीय गणनेने साधले जातात. चित्रपटगृह आणि घरातील दिवाणखाना या दोन्ही ठिकाणी हे साधन वापरले जाते. तथापि दोन्हीकडील भौतिक परिस्थिती इतकी भिन्न असते की, एकीकडील नियम दुसरीकडे तसाच लावल्यास ध्वनी सुधारण्याऐवजी बिघडतो.

ध्वनी आणि परिसर : सिंधुदुर्ग जिल्ह्यातील मालवण किनारपट्टीवर श्रवणाचे तीन भिन्न परिसर जवळजवळ आढळतात : देवळाचे मोकळे प्रांगण, बंदिस्त प्रेक्षागृह आणि राहते घर. जत्रेच्या रात्री प्रांगणात दशावतारी नाटक चालते, तेव्हा नटाचा आवाज व पखवाज-झांजेचा नाद मुख्यत्वे सरळ मार्गाने श्रोत्याकडे येतो. वर छप्पर व चहूबाजूंस भिंती नसल्याने निनाद (ध्वनिस्रोत थांबल्यानंतरही परावर्तनांमुळे रेंगाळणारा ध्वनी) नगण्य असतो. अशा ठिकाणी ध्वनिग्राहक वापरल्यास समानीकारकाचे एक महत्त्वाचे काम म्हणजे ज्या कंप्रतेला शीळ उठते तेवढीच कंप्रता दाबणे हे होय. बंदिस्त जागेत मात्र भिंती, जमीन व छत यांवरून परावर्तित झालेला ध्वनी सरळ आलेल्या ध्वनीत मिसळतो आणि समानीकरणाचा खरा प्रश्न तेथे सुरू होतो.

इतिहास : मुंबईच्या मॅजेस्टिक चित्रपटगृहात १४ मार्च १९३१ रोजी ‘आलम आरा’ प्रदर्शित झाला आणि पुढील वर्षी प्रभात कंपनीचा ‘अयोध्येचा राजा’ हा मराठी बोलपट आला. त्या काळातील प्रकाशीय ध्वनिपट्टिकेत खरखर फार असे. ती ऐकू येऊ नये म्हणून उच्च कंप्रता मुद्दाम दाबल्या जात. अमेरिकेतील चित्रपट अकादमीने १९३८ मध्ये या पद्धतीला प्रमाणित रूप दिले. खरखरीबरोबर आवाजातील स्पष्टताही काही प्रमाणात जाई. १९७० नंतरच्या दशकात डॉल्बी पद्धतीने खरखर कमी झाली व उच्च कंप्रतांना पुन्हा वाव मिळाला. याच सुमारास ‘एक्स वक्र’ हे नवे प्रमाण तयार झाले आणि १९७७ मध्ये आंतरराष्ट्रीय मानक म्हणून ते स्वीकारले गेले. डॉल्बी स्टिरिओ पद्धतीचा वापर करणारा पहिला भारतीय चित्रपट म्हणून ‘१९४२ : अ लव्ह स्टोरी’ (१९९४) याचा उल्लेख केला जातो.

चित्रपटगृहातील समानीकरण : प्रत्येक सप्तकात समान ऊर्जा असलेला एक अखंड सरसर आवाज पडद्यामागील ध्वनिक्षेपकातून सोडतात व प्रेक्षागृहात सु. दोन-तृतीयांश अंतरावर ध्वनिग्राहकाने तो मोजतात. एक्स वक्रानुसार ही पातळी २,००० हर्ट्‌झपर्यंत सपाट असावी व त्यापुढे दर सप्तकास ३ डेसिबेल याप्रमाणे उतरत जावी. हा उतार सदोष वाटला, तरी त्याला कारण आहे. मोठ्या दालनात अखंड आवाज मोजताना सरळ आलेला ध्वनी व साचलेला निनाद यांची बेरीज मोजली जाते. उच्च कंप्रता खुर्च्या, पडदे व हवा यांत अधिक शोषल्या जात असल्याने निनादात त्यांचा वाटा कमी असतो. कान मात्र प्रथम आलेल्या सरळ ध्वनीला महत्त्व देतो. म्हणून मापनात उतार दिसला, तरी संवाद व संगीत नैसर्गिक वाटू शकतात.

हवेतील शोषण आर्द्रतेवर अवलंबून असते. ३०° से. तापमान व ७०% आर्द्रता असताना ८,००० हर्ट्‌झच्या ध्वनीची पातळी १ किमी. अंतरात सु. ६० डेसिबेल, म्हणजे ३० मी. अंतरात सु. २ डेसिबेल घटते. थंड व कोरड्या हवेत ही घट कितीतरी अधिक असते. कोकणच्या दमट हवेत उच्च कंप्रता तुलनेने चांगल्या टिकतात.

घरगुती समानीकरण : लहान खोलीत मुख्य अडचण उच्च कंप्रतांची नसून नीच कंप्रतांची असते. समोरासमोरील भिंतींमध्ये परावर्तनाने स्थिर तरंग निर्माण होतात. ध्वनीचा वेग ३५० मी./से. धरल्यास ४·५ मी. लांब, ३·५ मी. रुंद व ३ मी. उंच खोलीत त्यांच्या मूळ कंप्रता अनुक्रमे सु. ३९, ५० व ५८ हर्ट्‌झ येतात. या कंप्रता एका खुर्चीवर घुमतात, तर दुसरीवर जवळजवळ नाहीशा होतात. अशा खोलीत निनादकाल ०·५ सेकंद असल्यास हा परिणाम सु. २०० हर्ट्‌झपर्यंत जाणवतो. उलट ६,००० घ. मी. घनफळाच्या व १ सेकंद निनादकालाच्या चित्रपटगृहात ही सीमा सु. २६ हर्ट्‌झपर्यंत खाली जाते. त्यामुळे एक्स वक्र घरात लावल्यास मूळ दोष तसाच राहतो आणि उच्च कंप्रता विनाकारण दबून आवाज मंद व झाकल्यासारखा होतो.

समानीकारकाने एखाद्या जागी घुमणारी कंप्रता कमी करता येते. पण जेथे सरळ व परावर्तित तरंग परस्परांना छेदून ध्वनी नाहीसा झाला असेल, तेथे पातळी वाढविणे व्यर्थ ठरते. कारण दोन्ही तरंग सारखेच वाढतात. १० डेसिबेल वाढीसाठी विवर्धकाला दहापट शक्ती लागते, ती वेगळीच. अशा वेळी ध्वनिक्षेपकाची किंवा आसनाची जागा बदलणे हाच उपाय होय.

संवादांची स्पष्टता : व्यंजने ओळखण्यास २,००० ते ४,००० हर्ट्‌झ हा पट्टा विशेष महत्त्वाचा असतो. ‘वस्त्रहरण’ (१९८०) या नाटकाने सर्वदूर पोहोचविलेल्या मालवणी बोलीसारख्या चटपटीत बोलीत व्यंजन निसटले की विनोदही निसटतो. गिलावा केलेल्या जांभ्या दगडाच्या भिंती, फरशीची जमीन व मोकळ्या काचा असलेल्या खोलीत निनाद वाढून अक्षरे एकमेकांत मिसळतात. हा दोष समानीकरणाने जात नाही. जाड पडदे, गाद्या, भरलेली पुस्तकांची कपाटे यांनी तो कमी होतो. तथापि ४० हर्ट्‌झच्या ध्वनीची तरंगलांबी सु. ९ मी. असल्याने पडद्यांचा घुमण्यावर परिणाम होत नाही. पावसाळ्यात पत्र्यावर किंवा कौलांवर पडणाऱ्या सरींचा आवाज सर्व कंप्रतांत पसरलेला असतो व तो संवाद झाकतो. त्यावरही समानीकारकाचा इलाज चालत नाही.

चित्रपटाचे मिश्रण ठराविक उच्च पातळी गृहीत धरून केलेले असते. घरी ते हलक्या आवाजात लावल्यास कानाची नीच कंप्रतांविषयीची संवेदनक्षमता घटते आणि कुजबूज ऐकूच येत नाही. आवाज वाढवावा, तर स्फोटांचे आवाज असह्य होतात. यासाठी घरगुती वापराचे स्वतंत्र मिश्रण किंवा हलक्या व मोठ्या आवाजांतील अंतर कमी करणारी योजना उपयुक्त ठरते.

एकंदरीत प्रथम खोलीची मांडणी, नंतर शोषक वस्तू आणि शेवटी, तेही मुख्यतः नीच कंप्रतांपुरते व बेताने, समानीकरण हा क्रम घरात हितावह होय. चित्रपटगृहात समानीकरणाचा हेतू सर्वत्र एकसारखा ध्वनी मिळावा हा असतो. घरात मात्र ठराविक आसनावरील श्रोत्यास संवाद नीट कळावा, एवढाच तो असावा.