तेवीस की दोनाचा घन?

हा प्रश्न बघा: २३ × २४ = ? उत्तर ५५२, पाढे पाठ नसले तरी कागदावर जमेल. पण हाच प्रश्न घातांकांच्या धड्यावरच्या चाचणीत दोन गुणांना आला तर? दौंड तालुक्यात शिकणाऱ्या माझ्या आतेभावाला तो असाच छापून आला होता. सरांच्या मनात होतं दोनाचा तिसरा घात गुणिले दोनाचा चौथा घात, म्हणजे दोनाचा सातवा घात, म्हणजे १२८. पोराने ५५२ लिहिलं आणि त्याला भोपळा मिळाला. गणित दोघांचंही बरोबर होतं. चुकली ती अक्षरजुळणी.

पेपर टाइप झाला दौंडला आणि पेन ड्राइव्हवर बसून चौफुला-न्हावरा रस्त्याने छपाईला गेला शिरूरला. तिथल्या कॉम्प्युटरवर तो फाँटच नव्हता. जुन्या मराठी फाँटांची गोम अशी, की ते आतून मराठी नसतातच. कॉम्प्युटरच्या लेखी तिथे रोमन अक्षरं असतात, फाँट त्यांना फक्त देवनागरीचा सदरा घालतो. सदरा काढला की खाली अगम्य चिन्हं उघडी पडतात. मग कुणीतरी मजकूर दुसऱ्या फाँटात बदलून घेतं आणि पुन्हा चिकटवतं. शब्द शाबूत राहतात, पण वर चढवलेले आकडे खाली उतरतात. कुणाच्या लक्षातही येत नाही, कारण २३ हा काही चुकीचा शब्द दिसत नाही.

कसंय, बातमी किंवा कविता एका ओळीत डावीकडून उजवीकडे चालते. एखादं अक्षर जरा वर-खाली बसलं तर वाईट दिसतं, अर्थ बदलत नाही. गणित मात्र दुमजली आहे. तिथे जागा हाच अर्थ. छापखान्यात शिशाचे खिळे जुळवायचे तेव्हा एका अपूर्णांकासाठी जुळाऱ्याला अंश, मधली रेघ, छेद आणि आजूबाजूचे कोरे तुकडे हाताने बसवावे लागत.

देवळालीचे शिक्षक द. रा. कापरेकर यांना अशा आकड्यांच्या घाटाचा भारी नाद. ११, १११, ११११ यांचे वर्ग करून पाहा: १२१, १२३२१, १२३४३२१. अशा संख्यांना त्यांनी ‘डेमलो’ नाव दिलं, कारण कल्पना सुचली ती डेमलो, म्हणजे आताच्या डोंबिवली स्टेशनावर. (दौंडही त्याच जी.आय.पी. रेल्वेवरचं. गाडी जंक्शनला जरा जास्त थांबली असती, तर आज आपण ‘दौंड संख्या’ शिकलो असतो.) आता ११११ च्या डोक्यावरचा वर्गाचा २ खाली पडू द्या. उरतात नुसते ११११२, आणि सगळी गंमत गेली.

यावर मनापासून वैतागलेला माणूस म्हणजे डोनाल्ड नुथ. १९७७ मध्ये त्यांच्या पुस्तकाच्या दुसऱ्या आवृत्तीची मुद्रितं आली, नव्या फोटो-जुळणीची. ती त्यांना इतकी वाईट दिसली, की त्यांनी स्वतःच जुळणीची प्रणाली लिहायला घेतली: टेक. वर्षभरात होईल असं वाटलेलं काम दहा-एक वर्षं चाललं. पीएचडी करणाऱ्यांना हा हिशेब वेगळा समजावून सांगायला नको!

टेकची मुख्य कल्पना साधी आहे. आकडा कसा दिसावा हे तुम्ही सांगतच नाही, तो कोण आहे ते सांगता. २^३ लिहिलं की ती टोपी म्हणते, ‘पुढचा आकडा घातांक आहे’. तो किती लहान करायचा, किती वर चढवायचा, हे टेक ठरवतं. मजकूर कुठेही चिकटवा, टोपी सोबत जाते. अपूर्णांकाचंही तसंच: अंश आणि छेद दोन महिरपी कंसांत द्यायचे, रेघेची लांबी टेक मोजतं. म्हणून आमच्यात प्रबंध, शोधनिबंध, अगदी लग्नाची पत्रिकासुद्धा त्याच्यातच करणारे लोक भेटतात.

नुथ यांचा मिश्कीलपणा त्यात ठायी ठायी आहे. नव्या आवृत्तीला क्रमांक देताना ते पायचा पुढचा एक अंक वाढवतात. २०२१ ची आवृत्ती आहे ३.१४१५९२६५३. त्यांच्या पश्चात क्रमांक कायमचा ‘पाय’ होणार, आणि उरलेल्या चुका या चुका न राहता टेकचे गुणधर्म ठरणार. त्यांच्या पुस्तकात चूक दाखवणाऱ्याला २.५६ डॉलरचा चेक मिळे, कारण २५६ सेंट म्हणजे सोळाच्या पायावर मोजलेला एक डॉलर. लोक चेक वटवायचे सोडून भिंतीवर लावत! २००८ पासून खरे चेक बंद झाले. आता मिळतं ते ‘सॅन सेरिफ’ नावाच्या काल्पनिक देशातल्या बँकेचं प्रमाणपत्र.

मग मराठीत अडतं कुठे? युनिकोडमध्ये २ आणि ३ या रोमन अंकांची वर चढलेली रूपं स्वतंत्र अक्षरं म्हणून आहेत, देवनागरी अंकांची नाहीत. गंमत म्हणजे अक्षरांच्या डोक्यावर बसणारे देवनागरी अंक तिथे आहेत, पण ते सामवेदाच्या स्वरांसाठी. सामगान नुसत्या मजकुरात उतरवता येतं, दोनाचा घन येत नाही. म्हणून इथे मलाही टोपी वापरावी लागली.

टेकमध्ये मात्र ही अडचण नाही. २००४ मध्ये आलेलं झीटेक युनिकोड देवनागरी थेट वाचतं आणि फुकट मिळतं. शिरूर-दौंडकडच्या ज्या शिक्षकांना एवढ्यात ते शिकायला वेळ नाही, त्यांनी निदान तीन गोष्टी कराव्यात. पेपर युनिकोडमध्ये टाइप करून घ्या. छपाईला फाइल न देता पीडीएफ द्या. आणि गठ्ठा छापण्याआधी आलेली एक प्रत समोर घेऊन सगळी गणितं स्वतः सोडवा, नुसती वाचू नका. वाचताना डोळ्यांना २३ मध्ये काहीच खटकत नाही. सोडवायला बसलात की ५५२ येतं.