आमसुलातले आंबट किती?

मे महिना अर्धा उलटला की देवगडच्या परिसरात हापूसच्या पेट्यांची धांदल ओसरू लागते आणि मग कोठे परड्यातल्या रातांब्यांकडे लक्ष जाते. पाऊस यायच्या आत फळे उतरवायची, फोडायची, साली वाळत टाकायच्या. आमची आजी सालीचा तुकडा जिभेवर ठेवी आणि निकाल देई, "ह्या झाडाची सोलां बरी, त्येची नुसती पाणचट." तिच्या जिभेवर माझा अविश्वास नाही. पण 'बरी' म्हणजे किती बरी, हा प्रश्न कला शाखेच्या विद्यार्थ्यालाही पडू शकतो. त्याचे उत्तर शोधता शोधता जे हाती लागले ते येथे मांडतो.

रातांबा ऊर्फ भिरंड औषधी म्हणून जुनेच आहे. १५६३ साली गोव्यात छापलेल्या आपल्या ग्रंथात गार्सिया द ओर्ता या पोर्तुगीज वैद्याने भिरंडाची नोंद केली आहे. पित्तावर आगळ, टाचांच्या भेगांना मुठेल, हे तर घरोघरी ठाऊक आहे. मात्र या कुळातल्या फळांतले मुख्य आम्ल कोणते याबद्दल बराच काळ गैरसमज होता. ते लिंबातले सायट्रिक किंवा चिंचेतले टार्टारिक असावे असे मानत. १९६५ साली म्हैसूरच्या केंद्रीय अन्न तंत्रज्ञान संशोधन संस्थेत लुईस आणि नीलकंठन यांनी कोकमाच्या मलबारी भावंडावर काम करून ते हायड्रॉक्सिसिट्रिक आम्ल असल्याचे दाखविले. आपल्या कोकमातही तेच प्रमुख आहे.

आता मोजायचे कसे? शाळेत शिकलेली रीत अशी की अर्क पाण्यात घ्यावा, फिनॉल्फ्थॅलीनचे दोन थेंब टाकावेत आणि ब्युरेटमधून कॉस्टिक सोड्याचे द्रावण थेंबथेंब सोडावे. गुलाबी रंग आला की थांबावे. पण कोकम मुळातच लाल! त्यात गुलाबी रंग उमटला हे ओळखणार कोण? शिवाय सोडा पडताच कोकमाचा स्वतःचा रंगही पालटत जातो. (सोलकढीच्या भांड्याला खाण्याचा सोडा लावून पाहिलेल्यांना ते निळसर-हिरवट पाणी आठवेल.) म्हणून येथे डोळ्यांवर विसंबत नाहीत, सामू मोजणारे यंत्र लावतात.

एवढ्याने भागत नाही. हे आम्ल मोठे लबाड आहे. त्याच्या रेणूला आम्लाची तीन टोके असतात. साल वाळताना किंवा रस आटवताना रेणू आपलेच एक टोक आपल्यातच गुंतवून कडे करतो. त्याला लॅक्टोन म्हणतात. मग तीनऐवजी दोनच टोके मोकळी राहतात आणि थंडपणी मोजले तर आम्ल खरोखरीपेक्षा कमी भरते. उपाय असा की सोडा जास्तच घालून गरम करावे, कडे उघडू द्यावे आणि मग उरलेला सोडा मोजून वजा करावा. तरीही त्यात इतर आम्लेही मोजली जातातच. प्रत्येक द्रव्य वेगळे करून मोजायचे तर द्रव क्रोमॅटोग्राफी हवी. बारीक भुकटी भरलेल्या नळीतून अर्क दाबाने पुढे ढकलतात, निरनिराळी द्रव्ये निरनिराळ्या वेळी बाहेर पडतात आणि कागदावर त्यांची शिखरे उमटतात. म्हैसूरच्याच संस्थेतून २००२ साली प्रसिद्ध झालेल्या अशा मोजणीत सालींत शेकडा १० ते १३ आणि पानांत शेकडा ४ ते ५ हे आम्ल आढळले.

पण शेकडा म्हणजे कशाच्या शेकडा? सगळी मेख येथे आहे. समजा, १०० ग्रॅम ओल्या सालीत ८० ग्रॅम पाणी आणि अडीच ग्रॅम आम्ल आहे. ओल्या वजनावर ते अडीच टक्के झाले. तीच साल खडखडीत वाळवली तर २० ग्रॅम उरते, आणि तेच अडीच ग्रॅम साडेबारा टक्के होतात! आमसुलात तर आणखी घोळ. साली पुन्हा पुन्हा गराच्या रसात बुडवून वाळवतात, म्हणजे वरून आम्ल वाढते. मीठ लावले तर वजन वाढून टक्का घसरतो. आर्द्रता आणि मीठ न सांगता दिलेला आकडा मला तरी निरर्थक वाटतो.

रंगाची मोजणी त्या मानाने सोपी व मोठी गमतीची आहे. लाल रंग अँथोसायनिनांचा. अर्काचे दोन भाग करून एकाचा सामू १ व दुसऱ्याचा ४.५ करतात. पहिल्यात रंग भडक होतो, दुसऱ्यात जवळजवळ नाहीसा. ५२० नॅनोमीटरच्या प्रकाशात दोहोंतला फरक मोजला की खरा रंग कळतो. जुन्या आगळातला तपकिरीपणा दोन्ही भागांत सारखाच राहत असल्याने वजाबाकीत उडून जातो.

हा खटाटोप कशासाठी? हायड्रॉक्सिसिट्रिक आम्ल शरीरातील मेद तयार करणाऱ्या एका विकराला अडविते, हे १९६९ च्या सुमारास अमेरिकेत प्रयोगशाळेत दिसले, आणि पुढे 'बारीक होण्याच्या' गोळ्यांचा बाजार उभा राहिला. १९९८ साली न्यूयॉर्कमध्ये १३५ स्थूल व्यक्तींवर १२ आठवडे चाचणी झाली. रोज दीड ग्रॅम आम्ल घेणारे आणि नुसती खोटी गोळी घेणारे यांच्या वजनात म्हणण्यासारखा फरक पडला नाही. म्हणजे द्रव्य किती आहे हे अचूक मोजले, तरी ते उपयोगी पडते का हे वेगळेच तपासावे लागते. अंगावर पित्त उठले की आगळ चोळतात. त्यात कोणते द्रव्य काम करते, हेही आम्लाच्या आकड्यावरून कळणार नाही.

आमच्या भागाला मोजणीचा खरा उपयोग झाड निवडताना आहे. कोकमात नर आणि मादी झाडे वेगळी असतात. बी रुजवून केलेल्या रोपांत निम्म्याच्या आसपास नर निघतात, आणि उरलेल्या प्रत्येक मादीचे फळ निराळे. म्हणूनच निवडलेल्या झाडाची कलमे करतात. दापोलीच्या कृषी विद्यापीठाची 'कोकण अमृता' ही जात अशाच निवडीतून आली. बांधावरच्या जुन्या झाडांची मात्र अशी मोजणी क्वचितच कोणी केली असेल. आमच्या परड्यात पाच मादी झाडे आहेत. आजीने त्यांतली दोन 'बरी' ठरवली होती. येत्या मे महिन्यात पाचही झाडांच्या साली वेगवेगळ्या वाळवून, मीठ न लावता, रसायनशास्त्राच्या एका मित्राच्या स्वाधीन करायच्या असे ठरले आहे.